वांगी पिकवणारे, लघुग्रह टिपणारे गाव

वाचकहो, कोची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केरळातले बंदर येते, नारळ येतात, मिरी-वेलदोडे येतात. पण आज आपल्याला जायचे आहे ते त्या कोचीला नव्हे. जपानातही एक कोची आहे. जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत लहान बेट म्हणजे शिकोकु. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर हे कोची शहर वसले आहे. तेथून पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरवर गेइसेई नावाचे एक खेडे आहे. समोर प्रशांत महासागर, पाठीशी डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शेते. वस्ती चार हजारांच्या आत. म्हणजे आपल्याकडचे एखादे मध्यम गावच म्हणा ना!

कोचीहून निघालात की गोमेन स्टेशनापासून एक लहानशी रेल्वे समुद्राच्या कडेकडेने जाते. ही २००२ साली सुरू झाली. उजव्या हाताला निळा समुद्र, डाव्या हाताला डोंगर आणि जिकडे पाहावे तिकडे उन्हात चकाकणारी पॉलिहाऊस. वाजिकी नावाच्या स्टेशनवर उतरलात की तुम्ही गेइसेईत पोहोचलात.

गावात शिरताच शेतकऱ्याच्या नजरेला जे दिसायचे तेच आधी दिसते. पॉलिहाऊसमध्ये वांगी आहेत, मिरची आहे, फुले आहेत. थंडीच्या दिवसांत जपानच्या बाजारात येणाऱ्या वांग्यांसाठी हा कोची जिल्हा प्रसिद्ध आहे. थंडी सुरू झाली की येथे उसाचा गाळपही होतो. रस काहिलीत आटवून गूळ करण्याची जुनी पद्धत या गावाने जपून ठेवली आहे. आपल्या कोल्हापूर-कराडकडचा माणूस तेथे गेला तर गुऱ्हाळाचा वास ओळखून त्याला घरची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

पण या गावाची कीर्ती दुसऱ्याच एका पिकासाठी जगभर पोहोचली. ते पीक रात्री निघते. गेइसेईच्या वेधशाळेतून एका गिटार शिकवणाऱ्या माणसाने आकाशाचे फोटो काढून २२० हून अधिक नवे लघुग्रह शोधले. हे कसे घडले, आणि आपल्यासारख्या खेड्यातल्या माणसाने त्यातून काय घ्यावे, हे पाहण्यासाठी आपण एवढ्या लांब आलो आहोत.

लघुग्रह म्हणजे काय?

मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मध्ये फार मोठी मोकळी जागा आहे. त्या जागेत लहानमोठे लाखो दगड सूर्याभोवती फिरत आहेत. काही डोंगराएवढे, काही घराएवढे, काही एखाद्या जिल्ह्याएवढे. हेच लघुग्रह. त्यांतला पहिला सापडला १ जानेवारी १८०१ रोजी. इटलीच्या सिसिली बेटावर पिआझी नावाचे धर्मगुरू ताऱ्यांची यादी करत होते. एका ताऱ्याची जागा दुसऱ्या रात्री सरकलेली दिसली. तारे तर असे एका रात्रीत हलत नाहीत! तो तारा नव्हता, लघुग्रह होता. त्याला नाव दिले सेरेस. तुम्हांला सांगायला आनंद वाटतो की सेरेस ही रोमन लोकांची धान्याची देवता. लघुग्रहांच्या खातेवहीतले पहिलेच नाव शेतकऱ्याच्या देवीचे आहे.

पिआझींनी जे केले तेच आजही करावे लागते. आकाशाचा एकच तुकडा दोनदा पाहायचा आणि काय हलले ते शोधायचे. दुर्बिणीतून लघुग्रह अगदी ताऱ्यासारखा दिसतो. रंगावरून, आकारावरून तो ओळखू येत नाही. तो ओळखू येतो तो केवळ चालीवरून. पुढे १८९१ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे माक्स वोल्फ यांनी प्रथमच फोटोच्या काचेवर नवा लघुग्रह पकडला. तेव्हापासून डोळ्यांचे काम कॅमेऱ्याकडे आले. पाहण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले.

गिटार शिकवणारा माणूस

त्सुतोमु सेकी यांचा जन्म १९३० साली कोची शहरात झाला. व्यवसाय गिटार शिकवण्याचा. आकाश पाहणे हा छंद. १९५० साली त्यांनी धूमकेतू शोधायला सुरुवात केली. पहाटे उठायचे, लहानशी दुर्बीण लावायची, आकाशाचा एकेक पट्टा पाहत जायचे. एक वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली. हाती काही नाही. पहिला धूमकेतू मिळाला तो १९६१ साली. अकरा वर्षे! लावलेल्या आंब्याला मोहोर येण्याची वाट पाहणाऱ्यांनाच अकरा वर्षे म्हणजे काय ते कळेल.

पुढे सप्टेंबर १९६५ मध्ये कोचीवरून वादळ गेले आणि मागोमाग आकाश निवळले. त्या पहाटे सेकी यांना आणखी एक धूमकेतू दिसला. दूर दुसऱ्या गावी इकेया नावाच्या, पियानोच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुणालाही तो जवळजवळ त्याच वेळी दिसला. म्हणून त्याचे नाव इकेया-सेकी पडले. ऑक्टोबर १९६५ मध्ये तो सूर्याजवळून गेला तेव्हा इतका तेजस्वी झाला की दिवसाढवळ्या दिसला. तुमच्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा-आजी असतील तर त्यांना विचारून पाहा. त्या दिवाळीच्या सुमारास पहाटे पूर्वेला लांबलचक शेपटीचा तारा पाहिल्याची आठवण कदाचित निघेल.

मग सेकी शहर सोडून गेइसेईकडे का वळले? कारण साधे आहे. कोची शहर वाढले, रस्त्यांवर दिवे वाढले, आणि दिव्यांच्या उजेडात मंद तारे बुडाले. त्यांनी आकाश पाहण्याची जागा गेइसेईला हलवली. १९८१ साली तेथे ६० सेंटिमीटर व्यासाची मोठी दुर्बीण आली. दुर्बिणी बनवणारे उद्योजक सेइझो गोतो मूळचे याच जिल्ह्याचे. आपल्या मातीचे ऋण म्हणून त्यांनी ती भेट दिली.

आता गंमत पाहा. गेइसेईला वांगी चांगली येतात आणि लघुग्रहही चांगले सापडतात, या दोन्हींचे कारण एकच आहे. जपानच्या या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळा कोरडा आणि निरभ्र असतो. दिवसा पॉलिहाऊसला भरपूर ऊन मिळते, रात्री दुर्बिणीला स्वच्छ आकाश मिळते. शिवाय दक्षिणेला उघडा समुद्र. तिकडे ना शहर, ना दिवे. उन्हाळ्याच्या सुरुवातीचा पाऊस आणि नंतरची वादळे यांनी मात्र दुर्बीण झाकून बसावे लागते. आपल्याकडे पावसाळा सरून रब्बीची पेरणी उरकली की जसे आकाश मोकळे होते, तसेच तेथेही ऋतूकडे पाहून काम करावे लागते.

फोटोत दगड कसा दिसतो?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. फोटोत हजारो ठिपके. त्यांतला लघुग्रह कोणता?

दुर्बीण आकाशाबरोबर हळूहळू फिरत राहील अशी यंत्राने व्यवस्था केलेली असते. त्यामुळे कितीही वेळ फोटो घेतला तरी तारे ठिपक्यासारखेच राहतात. मात्र तेवढ्या वेळात लघुग्रह थोडा सरकतो. फोटो बराच वेळ उघडा ठेवला असेल तर ठिपक्याऐवजी एक बारीकशी रेघ उमटते. थोड्या थोड्या वेळाने वेगवेगळे फोटो घेतले असतील तर प्रत्येकात तो ठिपका वेगळ्या जागी दिसतो.

किती सरकतो? मंगळ-गुरूच्या मधला नेहमीचा लघुग्रह आपल्या समोर असताना दिवसाला साधारण पाव अंश चालतो. म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्मे. तासाभरात त्याचे सरकणे डोळ्याला कळणार नाही, पण दुर्बिणीच्या फोटोत स्पष्ट कळते.

जुन्या काळी दोन फोटो एका यंत्रात शेजारी शेजारी लावत. भिंगातून पाहताना क्षणात हा, क्षणात तो असे आलटून पालटून दिसत. तारे जागच्या जागी राहत आणि लघुग्रह तेवढा इकडून तिकडे उडी मारी. आज हेच काम संगणकावर होते. तीन-चार फोटो ताऱ्यांवर तारे बसवून एकामागून एक दाखवायचे. जो ठिपका सरळ रेषेत पुढे पुढे चालतो, त्याच्याकडे बोट दाखवायचे.

ऐकायला सोपे वाटते. पण रोज गुरे राखणाऱ्याला विचारा. दीडशे शेळ्यांच्या कळपात दुसऱ्याची एक शेळी मिसळली तर गुराखी मोजत बसत नाही. नजर फिरवतो आणि सांगतो, “ही आपली नव्हं.” ही नजर पुस्तकातून येत नाही. तोच कळप रोज पाहून येते. आकाशाचेही तसेच आहे. ज्याने तोच तुकडा पन्नास वेळा पाहिला आहे, त्याला पाहुणा चटकन दिसतो.

फसवे ठिपके

आता जपून! हलणारा प्रत्येक ठिपका लघुग्रह नसतो. हौशी मंडळी सुरुवातीला येथेच फसतात.

पहिला फसवणारा म्हणजे कृत्रिम उपग्रह. तो फोटोभर लांब रेघ ओढून जातो. पुढच्या फोटोत त्याचा पत्ता नसतो. विमान असेल तर रेघ तुटक, लुकलुकत्या दिव्यांची.

दुसरा म्हणजे अवकाशातून येणारा वेगवान कण. तो कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर आदळला की एक टोकदार ठिपका उमटतो. तो एकाच फोटोत असतो. म्हणून एका फोटोवर कधीही विश्वास ठेवू नये. निदान तीन फोटोंत, सरळ रेषेत आणि वेळेच्या प्रमाणात अंतर असेल तरच पुढे जावे.

तिसरा सर्वांत लबाड. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा एखादा बारीक कण बिघडलेला असतो आणि तो प्रत्येक फोटोत चमकतो. तो पडद्यावर जागेवरच असतो. पण यंत्र थोडे चुकत असेल तर तारे पडद्यावर हळूहळू सरकत असतात. मग फोटो एकमेकांवर बसवताना आपण तारे जुळवतो आणि तो बिघडलेला कणच सरळ रेषेत चालू लागल्यासारखा दिसतो. अगदी लघुग्रहासारखा! यावर उपाय असा की प्रत्येक फोटोच्या आधी दुर्बीण मुद्दाम किंचित इकडे तिकडे सरकवायची. मग खोटा ठिपका वेड्यावाकड्या उड्या मारतो. खरा लघुग्रह मात्र आपली सरळ वाट सोडत नाही.

चौथा म्हणजे तेज बदलणारा तारा. तो एका फोटोत ठळक, दुसऱ्यात फिकट दिसतो. पण तो जागा सोडत नाही. जागा सोडली नाही तर तो आपल्या कामाचा नाही.

कच्ची नोंद, पक्की नोंद

समजा ठिपका खरा ठरला. मग तो नवा की जुना? अमेरिकेत केंब्रिज येथे लघुग्रहांचे जागतिक नोंदणी केंद्र आहे. सध्या तेथे चौदा लाखांहून अधिक लघुग्रहांच्या नोंदी आहेत. त्या तारखेला, त्या वेळी, आकाशाच्या त्या तुकड्यात कोणकोणते माहीत असलेले लघुग्रह असायला हवेत, ते यादीत पाहता येते. शंभरातून बहुतेक वेळा उत्तर येते की हा तर जुनाच आहे. त्यात निराश होण्यासारखे काही नाही. आपण काढलेल्या फोटोतल्या एका ठिपक्याला नाव-गाव मिळाले, हाही मोठा आनंद असतो.

यादीत नसेल तर आजूबाजूच्या ताऱ्यांवरून त्याची जागा काटेकोर मोजायची, वेळ सेकंदापर्यंत लिहायची आणि केंद्राला कळवायचे. एका रात्रीची मोजणी पुरत नाही. दुसऱ्या रात्री तो पुन्हा दाखवावा लागतो.

जमिनीचे व्यवहार करणाऱ्या तुम्हां मंडळींना पुढची पद्धत लगेच समजेल. खरेदीखत झाले की आधी फेरफाराची नोंद पडते, हरकतीची मुदत जाते, मग ती प्रमाणित होऊन सातबारावर नाव चढते. लघुग्रहाचेही तसेच. आधी कच्ची नोंद. सेकी यांना फेब्रुवारी १९८१ मध्ये मिळालेल्या दोन लघुग्रहांच्या कच्च्या नोंदी होत्या ‘१९८१ सीए’ आणि ‘१९८१ सीबी’. यातली गोम पाहा. वर्षाचे चोवीस पंधरवडे. पहिल्या पंधरवड्याला इंग्रजी वर्णमालेतले ए, दुसऱ्याला बी, तिसऱ्याला सी. म्हणजे सी हा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. त्यापुढचे ए म्हणजे त्या पंधरवड्यातली पहिली नोंद, बी म्हणजे दुसरी. आपले शुक्ल आणि कृष्ण पक्ष असतात ना, तसाच हा हिशेब.

मग काही वर्षे त्याच्यावर लक्ष ठेवून त्याची सूर्याभोवतीची वाट पक्की ठरली की कायमचा क्रमांक मिळतो. आणि क्रमांक मिळाल्यावर शोधणाऱ्याला नाव सुचवण्याचा मान मिळतो. स्वतःचे नाव मात्र देता येत नाही. हा नियम फार चांगला आहे.

सेकी यांनी काय नावे दिली? ‘१९८१ सीए’चे झाले गोतो, दुर्बीण देणाऱ्याचे नाव. ‘१९८१ सीबी’चे झाले कोची, आपल्या गावाचे नाव. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिळालेल्या एकाला नाव दिले गेइसेई. आज तो २५७१ क्रमांकाचा लघुग्रह आहे. आणखी एकाला तोसा, म्हणजे त्या मुलखाचे जुने नाव. एकाला कागामिगावा, म्हणजे कोची शहरातून वाहणारी नदी. एकाला र्‍योमा, म्हणजे त्या मातीतला एकोणिसाव्या शतकातला लोकांचा लाडका पुरुष. ज्या गावाने अंधार दिला, त्या गावाचे नाव माणसाने आकाशात लिहून ठेवले. आणि पुढे जाणकारांनी ३४२६ क्रमांकाच्या लघुग्रहाला सेकी हे नाव देऊन त्यांचाही सन्मान केला.

एक सावधगिरीची गोष्ट येथेच सांगतो. पैसे भरा आणि आकाशातल्या ताऱ्याला आपल्या मुलाचे नाव द्या, अशा जाहिराती येतात. त्या कागदाला ज्योतिर्विदांच्या जगात काडीची किंमत नाही. आकाशातले नाव विकत मिळत नाही. ते शोधून मिळते.

नोंदणी केंद्र वेध घेणाऱ्या जागेलाही एक क्रमांक देते. गेइसेईचा क्रमांक ३७२. मोठमोठ्या वेधशाळांच्या यादीतच हे वांग्यांचे गाव बसले आहे. कोणाही हौशी माणसाने आपली मोजणी अचूक असल्याचे दाखवून दिले की त्याच्या गच्चीलाही असा क्रमांक मिळू शकतो. डिग्री विचारत नाहीत. मोजणी बरोबर आहे का, एवढेच विचारतात.

याचा उपयोग काय?

तुम्ही म्हणाल, दूरचे दगड मोजून पोटाला काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पुरेसे आहे. तेथे काळ्या कातळात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा आहे आणि त्यात खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. आकाशातून आलेल्या दगडाच्या आघाताने तो झाला. सगळेच लघुग्रह मंगळाच्या पलीकडे गुण्यागोविंदाने राहत नाहीत. काहींच्या वाटा पृथ्वीच्या वाटेला छेदून जातात.

१५ फेब्रुवारी २०१३ या एकाच दिवसाची गोष्ट ऐका. त्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटरचा दगड हवेत फुटला. खिडक्यांच्या काचा फुटून सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या बाजूने आला होता, म्हणून आधी कोणालाच दिसला नव्हता. त्याच दिवशी दुसरा एक, त्याहून मोठा दगड पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून निघून गेला. दूरदर्शनचे उपग्रह फिरतात त्याहूनही जवळून! त्याचे कोणालाही भय वाटले नाही. कारण तो कधी येणार, किती अंतरावरून जाणार, हे वर्षभर आधीच माहीत होते. आणि तो शोधला होता स्पेनमधल्या ला साग्रा येथून आकाश पाहणाऱ्या हौशी मंडळींनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये. एक दगड दिसला होता, एक दिसला नव्हता. फरक एवढाच. हवामानाचा अंदाज एक दिवस आधी कळला तर काढलेले सोयाबीन झाकता येते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला आणखी सांगायला नको.

आज हौशी माणसाला काय उरले?

हेही खरे सांगितले पाहिजे की काळ बदलला आहे. १९९८ पासून अमेरिकेत आपोआप आकाश टिपणाऱ्या मोठ्या दुर्बिणी लागल्या आणि नवे लघुग्रह ढिगाने सापडू लागले. जून २०२५ मध्ये चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने आपले पहिले फोटो दाखवले. सुमारे दहा तासांच्या वेधात २,१०४ नवे लघुग्रह मिळाले होते! सेकी यांनी आयुष्यभर राबून जे केले, त्याच्या दसपट एका बैठकीत.

मग लहान दुर्बीणवाल्याने घरी बसावे काय? मुळीच नाही. शेतात कंबाईन आले म्हणून सरवा वेचणारीचे हात रिकामे राहत नाहीत. सापडलेल्या दगडावर पुढच्या रात्री लक्ष कोण ठेवणार? मोठ्या दुर्बिणीवर ढग आले, किंवा तेथे दिवस उजाडला, तर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या माणसानेच ते काम करायचे. एखाद्या लघुग्रहाचे तेज कमी-जास्त होते, त्यावरून तो स्वतःभोवती किती वेळात फिरतो हे काढण्याचे कामही हौशी मंडळी करतात.

आणि दुर्बीण नसली तरी अडत नाही. एका आंतरराष्ट्रीय उपक्रमात हवाई बेटावरच्या मोठ्या दुर्बिणीचे फोटो शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना दिले जातात. मुले संगणकावर ते आलटून पालटून पाहतात आणि हलणारे ठिपके कळवतात. भारतातली अनेक मुले यात भाग घेतात. २०२० साली सुरतेच्या दोन शाळकरी मुलींनी असाच एक नवा लघुग्रह टिपला आणि त्याची बातमी देशभर गाजली. तुमच्या गावच्या शाळेत संगणक असेल आणि शिक्षक उत्साही असतील, तर त्यांच्या कानावर ही गोष्ट जरूर घाला.

अंगणातून सुरुवात

आता घरी करण्याजोगे. लघुग्रहांत सर्वांत तेजस्वी दिसतो तो व्हेस्टा. तो दर साडेसोळा महिन्यांच्या सुमारास पृथ्वीच्या समोर येतो आणि त्या दिवसांत अंधाऱ्या गावातून साध्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीनेही दिसतो. तो कोणत्या नक्षत्रात आहे हे मोबाइलवरच्या आकाश-नकाशात पाहता येते.

अमावास्येच्या आसपासची, ढग नसलेली रात्र निवडा. पायांत बूट घाला, हाती विजेरी घ्या आणि विजेरीच्या तोंडावर लाल कागद बांधा, म्हणजे अंधाराला सरावलेली नजर बिघडणार नाही. कॅमेरा किंवा चांगला मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा. हाताने धरून हे काम होत नाही. रात्रीच्या फोटोची सोय सुरू करून दहा-पंधरा सेकंदांचे चार-पाच फोटो घ्या. तारीख आणि वेळ वहीत लिहा. तीन-चार रात्री सोडून त्याच जागेवरून, त्याच वेळी, त्याच तुकड्याचे पुन्हा फोटो घ्या. मग मुलांना जवळ घेऊन दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि विचारा, “यातलं कोण हललं?” पहिल्या दिवशी सापडेलच असे नाही. ज्या दिवशी पोरगी ओरडेल, “सापडला!” त्या दिवशी दोनशे वर्षांपूर्वी पिआझींना काय वाटले असेल ते तुमच्या अंगणात कळेल.

मात्र यासाठी एक गोष्ट हवी, आणि ती बाजारात मिळत नाही. ती म्हणजे अंधार. शहरातला माणूस लाखाची दुर्बीण घेतो आणि अंधार शोधत शंभर मैल गाडी हाकतो. तुमच्या मळ्यात तो फुकट आहे. पण अलीकडे खेड्यांतही पांढरे झगझगीत दिवे आकाशाकडे तोंड करून रात्रभर जळू लागले आहेत. दिवा हवाच. विंचू-सापाचे, चोराचिलटाचे भय आहे, रात्री पाणी धरायला जायचे असते. पण दिव्याचा उजेड जमिनीवर पडायला हवा, आकाशात नव्हे. दिव्यावर पत्र्याची टोपी घाला, त्याचे तोंड खाली करा, काम झाले की बंद करा. ग्रामसभेत रस्त्याच्या दिव्यांचा विषय निघेल तेव्हा एवढी सूचना जरूर मांडा. विजेचे बिलही वाचेल.

गेइसेईने वांगी पिकवली, गूळ केला आणि आपला अंधारही राखला. म्हणून त्या खेड्याचे नाव आज एका लघुग्रहावर आहे. आपल्या गावाचे नाव तेथे का असू नये? यंदा पाऊस सरला आणि आकाश धुऊन निघाले की जेवणे उरकल्यावर घरातल्या सगळ्यांना घेऊन अंगणात या, ओट्यावरचा दिवा मालवा, आणि घटकाभर वर पाहा.